येतो मी

मालिकेत आत्तीचं नाव बदललं मी.
मालनची सुमन केली,
राजारामपुरीतली गल्लीही दुसरीच लिहिली,
भिंत मात्र होती तशी ठेवली:
छातीइतकी, वर बाटल्यांच्या काचा,
मधली एक वीट निखळलेली.

अण्णा थेटरात डोअरकीपर.
एकेक पिक्चर नव्वद वेळा, तोही उभ्यानं.
आत्ती फुकटात, शेवटच्या रांगेत,
शेंगदाण्याची पुडी न वाजवता खाणारी.

वाटणीत भांडण लागलं ते जमिनीवरनं नव्हे,
शटरच्या टीव्हीवरनं.
ती म्हणाली, हप्ते मी फेडले.
हे म्हणाले, अँटेना कोण चढवला?
टीव्ही हातगाडीवर बसून चार पावलं लांब गेला,
भिंतीपलीकडं.
त्यानंतर अकरा वर्षं दोघं बोलले नाहीत,
म्हणजे स्वतःचं असं काही बोलले नाहीत.

पाणी सोडायची वेळ झाली की अण्णा गरजायचे,
"इनामदाराच्या घोड्याला लगाम नसतो!"
विटेच्या भोकातनं उत्तर यायचं,
"नसंना का, नाल तर आमच्याच भट्टीतला!"
आणि नळ सुरू.
तो पिक्चर दोन आठवड्यांत उतरला होता.
अख्ख्या कोल्हापुरात तो आठवणारी माणसं दोन,
आणि त्यांचं एकमेकांशी वाकडं.
अण्णांना ताप आला तेव्हा
ती नायकाच्या आईचं रडणं रडली, सगळं, शेवटच्या हुंदक्यासकट,
आणि भोकातनं वाटीभर पांढरा रस्सा सरकवला.

आता मोरेवाडीच्या माळावर थर्माकोलची भिंत आहे.
काचा प्लॅस्टिकच्या.
मुंबईहून क्रिएटिव्हचा फोन येतो:
ताई, हे संदर्भ कुणाला कळणार?
सगळ्यांना माहीत असलेला डायलॉग टाका ना एखादा.
आणि सुमन "येतो मी" का म्हणते? बाई आहे ना ती?
मी म्हटलं, आमच्याकडं बाया "येतो" म्हणून येतात
आणि "जातो" म्हणून जातात.
ती गोड हसली. म्हणाली, ते बदलून घ्या.
घेतलं.
कळंब्याच्या फ्लॅटचे हप्ते मलाही आहेत.

रोज साडेसातला अण्णा समोर बसतात.
पडद्यावर सुमन म्हणाली, "येते हं मी."
अण्णांनी आवाज कमी केला.
"कोण ही?"
सुमन.
"असंल. आपली नव्हं."

सीपीआरमध्ये शेवटच्या दिवशी
अण्णा वॉर्डाच्या पडद्याशी उभे होते,
एक हात पडद्यावर, शो सुटायची वाट बघत असल्यासारखे.
अर्धी ओळ म्हणाले. आत्तीच्या तोंडावर मास्क होता.
हा सीन मी लिहिलेला नाही.
कुणी मागितलाही नाही.
टीआरपी बरा आहे, म्हणून आत्ती जिवंत आहे.

परवा सुमनचं काम करणारी मुलगी,
डोंबिवलीची, मेकअपच्या खुर्चीत, केसांना क्लिपा,
म्हणाली, ताई, तुमची आत्या नक्की कशी बोलायची हो?
सांगितलं.
आरशात तिनं तीनदा म्हणून बघितलं,
एकदा हसू आलं, एकदा जमलं नाही.
शॉटच्या वेळी दिग्दर्शकाला भूक लागली होती.
टेक ओके.

गुरुवारी लागला तो भाग.
अण्णा शेंगा सोलत होते.
भिंतीपलीकडनं ती म्हणाली,
"चल, येतो मी."

शेंग हातात तशीच राहिली.
मग टीव्हीकडं बघत, थेटरातल्या आवाजात,
"इनामदाराच्या घोड्याला लगाम नसतो!"

पुढची ओळ मागच्या सोमवारी मीच कापली होती.
जाहिरात लागली.
साबणाची, मग पाइपांची, मग सोन्याची.
अण्णा थांबले होते.
"गप," मला म्हणाले, मी काहीच बोलले नव्हतो तरी,
"इंटरव्हल आहे."